पाड्याचे कल्याण करू इच्छिणाऱ्यांस सविनय सल्ला

'आदिवासींच्या नेतृत्वाखाली आदिवासींचे कल्याण' हे वाक्य हल्ली पाड्यांवर काम करू पाहणाऱ्या संस्थांच्या प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असते. नंदुरबार, धुळे किंवा जळगाव जिल्ह्यात आपण काम मागत असाल, तर ते आपल्याही प्रस्तावात हवेच. ते लिहून झाल्यावर नेतृत्व प्रत्यक्षात आदिवासींच्या हाती कसे जाऊ द्यायचे नाही, याविषयी काही सूचना देतो. आमच्या पाड्यावर येऊन गेलेल्या पाहुण्यांकडूनच त्या शिकलो आहे.

ग्रामसभा शक्यतो पौषात बोलवावी. दिवाळी आटोपली की धडधाकट माणसे मुलाबाळांसह ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली असतात, घरोघरी कुलपे असतात आणि मागे राहिलेली म्हातारी माणसे फारसे प्रश्न विचारीत नाहीत. त्याच आठवड्यात कुपोषित बालकांची वजनेही उरकून घ्यावीत, म्हणजे आकडा आपोआप कमी भरतो.

छायाचित्र आधी, चर्चा नंतर. (देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिले गेले, तेव्हा छायाचित्रापुरते महत्त्व आम्हांस मिळत नाही, असे कोणी म्हणू नये.)

ठराव मात्र घरूनच टंकून आणावा. ही सूचना मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण येथे थोडीशी कायद्याची अडचण आहे. आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आणि त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. विकासाची योजना सुरू करण्याआधी तिला ग्रामसभेची मंजुरी हवी, गरिबी निर्मूलनाचे लाभार्थी ग्रामसभेने निवडावेत, झालेल्या खर्चाचा दाखला ग्रामसभेने द्यावा, इतकेच नव्हे, तर सामाजिक क्षेत्रातील संस्था आणि कर्मचारी यांच्यावर ग्रामसभेचे व पंचायतीचे नियंत्रण असावे, असे हा कायदा सांगतो. म्हणजे अंगणवाडीत आहार का शिजला नाही आणि आरोग्य उपकेंद्राला कुलूप का, हे विचारण्याचा अधिकार आम्हांस आहे. गेल्या हिवाळ्यात आलेल्या मंडळींनी हा सारा अधिकार एका कागदावर मावविला. त्या कागदात आमच्या पाड्याने 'सखोल चर्चेअंती' परसबागेसाठी संकरित भाजीचे बियाणे मागितले होते. चर्चा कोणी केली, असे विचारले, तर उत्तर नाही. निदान हे आमच्या पावरी बोलीत वाचून दाखवा, म्हटले, तर 'पुढचा पाडा गाठायचा आहे' असे उत्तर. आजोबांच्या अंगठ्याला शाई लावताना ती शाई कशाची, हेही त्यांना सांगितले नाही. पावसाळ्यात रानात किती भाज्या उगवतात, मोर आणि भादी ही धान्ये आमच्या शेतातून का हटली, बाळंतिणीला झोळीत घालून किती डोंगर उतरावा लागतो, यांतले एक वाक्यही त्या कागदावर नव्हते. संस्थेचे बोधचिन्ह तेवढे रंगीत होते. आमच्या नावाने लिहिलेले आमचे मत आम्हांलाच प्रथम त्या दिवशी कळले, आणि टाळ्याही आम्हीच वाजवाव्यात अशी अपेक्षा होती!

निधीविषयी थोडक्यात सांगतो: २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील, म्हणजे आदिवासींसाठी राखलेल्या सरकारी निधीतील, पाच टक्के रक्कम थेट पेसा ग्रामपंचायतींना येते, म्हणून दुकानदार आधी ठरवावा आणि गरज मागाहून शोधावी.

आमच्याच जिल्ह्यातील शहाद्याचा विषय निघाला, तर तो बदलावा. तेथे अंबरसिंग सुरतवंतींसारखा भिल्ल कार्यकर्ता भूमिहीनांचा पुढारी झाला, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली आणि आदिवासी बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. त्या व्यसनमुक्तीला कोणाचा प्रकल्प अहवाल लागला नव्हता. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाड्याचा उल्लेखही अडचणीचा ठरतो, कारण तेथील कोकणा लोकांनी स्वतःचे नियम करून उजाड जंगल राखले, रानभाज्यांची स्पर्धा भरविली, आणि त्यांचे पुढारी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तरी त्या गावास 'क्षमता बांधणी' शिकवावी लागते, असे मानणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत.

आता सल्ले पुरे, सरळच बोलतो. एकमेकांच्या शेतावर बिनपैशाने राबणे, त्या दिवशी सर्वांनी घरधन्याकडे जेवणे, भांडण पंचांपुढे सोडविणे, हे आम्ही कोणाच्या कार्यशाळेत शिकलो नाही, आणि आमच्यात दोष नाहीत असेही नाही. डाकिणीच्या संशयावरून बाईला छळणारेही आमच्यातच आहेत. त्यांच्याशी भांडायलाही आमचीच माणसे उभी राहतात. तुम्हांस नेतृत्व द्यायचे नाही, केवळ सही हवी आहे. मग तसे प्रस्तावात लिहा आणि आमचे नाव काढा. खरोखर यायचे असेल, तर होळीला सारे घरी परततात, तेव्हा या. मोहाची फुले पहाटे वेचायची असतात, म्हणून सभा दुपारनंतर ठेवा. पावरी बोलणारा माणूस बरोबर आणा, कागद कोरा आणा, संध्याकाळपर्यंत बसा, आणि पाड्याने 'नको' म्हटले, तर तेही त्याच वहीत लिहून घ्या.