टायटल क्लिअर, पण जमिनीचं काय?

सोलापुरात प्लॉट घ्यायचा म्हटलं की पहिला फोन वकिलाला जातो. तीस वर्षांचा सर्च, प्रॉपर्टी कार्डाचा उतारा, फेरफार, बँकेचा बोजा, भाऊबंदकीतला एखादा जुना दावा. हे सगळं तपासून झालं की 'टायटल क्लिअर' असा शेरा येतो आणि इसार दिला जातो. त्या तीस वर्षांत जमीन कोणाकोणाच्या नावावर होती ते पानोपानी लिहिलेलं असतं. तिच्यावर काय चालत होतं, याबद्दल मात्र एक ओळ नसते.

माझा मावसभाऊ आणि त्याचे दोन मित्र विजापूर रोडच्या बाजूला एक प्लॉट घ्यायचं म्हणताहेत. खाली दुकानं, वर फ्लॅट. लगतच्या जागेत पूर्वी पेट्रोल पंप होता, तो बंद पडून बरीच वर्षं झाली. जमिनीतल्या टाक्या काढून नेल्या की तशाच पुरलेल्या आहेत, हे कोणालाच धड सांगता येत नाही. मी कॅलिफोर्नियातून फोनवर विचारलं, माती-पाणी तपासून घेतलंत का? त्यावर उत्तर आलं ते अस्सल सोलापुरी: "तुला काय बे, तिकडं बसून सगळीकडं विषच दिसतंय. इथं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतंय, ते भरू का माती हुंगत बसू?"

घरातले सगळे त्याच्याच बाजूने. त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. उजनी भरलेली असतानाही शहराला रोज पाणी का नाही, यावर सोलापूर वर्षानुवर्षं भांडतंय. उजनीहून पाणी आणणारी दुसरी, समांतर जलवाहिनी हा तर तिथल्या निवडणुकांचा कायमचा विषय. अशा गावाला मातीची तपासणी ही पोट भरलेल्यांची हौस वाटणारच. पण मला त्या उत्तरातच खरी अडचण दिसते. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणूनच शेजारचा जुना पंप कॅलिफोर्नियापेक्षा सोलापुरात जास्त धोक्याचा आहे.

इथली पद्धत आधी सांगतो. मी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत राहतो. इथे व्यापारी जागा घेताना किंवा तिच्यावर कर्ज काढताना 'फेज वन' नावाची पर्यावरणीय तपासणी करून घेतात. नाव भारदस्त असलं तरी त्यात कोणी खड्डा खणत नाही. तज्ज्ञ जुनी हवाई छायाचित्रं काढतो, विमा कंपन्यांसाठी काढलेले शहरांचे जुने नकाशे चाळतो, अर्ध्या मैलाच्या आत कुठे टाकीगळतीची नोंद आहे का ते बघतो, जागेवर चक्कर मारतो, जुन्या मालकांशी बोलतो. खर्च साधारण दोन ते चार हजार डॉलर. संशय आला तरच 'फेज टू', म्हणजे बोअर मारून माती, पाणी आणि मातीतली वाफ तपासणं.

हे सगळं लोकांच्या आरोग्याच्या काळजीपोटी चालतं, असा समज इथे येणाऱ्या आपल्या माणसांचा होतो. तसं काही नाही. १९८० च्या 'सुपरफंड' कायद्याने दूषित जागेची जबाबदारी नव्या मालकाच्याही गळ्यात पडू शकते. आधी पुरेशी चौकशी केली होती असं दाखवलं तर त्याला बचाव मिळतो. फेज वन हा त्या बचावाचा कागद. गंमत म्हणजे खुद्द पेट्रोलियम त्या कायद्यातून वगळलेलं आहे. जमिनीखालच्या टाक्यांसाठी अमेरिकेने १९८४ साली वेगळी तरतूद केली आणि त्यानंतर पाच लाखांहून जास्त ठिकाणी गळती झाल्याचं नोंदलं गेलं. तरीही बँका फेज वन मागतात, कारण कर्ज बुडायला नको. म्हणजे तिथल्या सर्च रिपोर्टमागेही भीती आणि इथल्या फेज वनमागेही भीतीच. फरक इतकाच की इथल्या भीतीने जमिनीचा इतिहास लिहायला लावला.

या सगळ्यातली मला खरोखर हेवा वाटावी अशी गोष्ट फुकट आहे. कॅलिफोर्नियाच्या जलमंडळाचा 'जिओट्रॅकर' नावाचा नकाशा कोणालाही घरबसल्या उघडता येतो. आपला पत्ता टाकला की आसपासच्या गळक्या टाक्या, तपासणीचे अहवाल, कोणती केस चालू आणि कोणती बंद, सगळं समोर येतं. भाड्याने राहणाराही ते वाचू शकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या नकाशावरच्या बहुतेक केसेस बंद आहेत. पण बंद म्हणजे माती स्वच्छ, असं नाही. राज्याच्या २०१२ च्या धोरणाप्रमाणे, बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर थोडं प्रदूषण जमिनीत सोडून केस बंद करता येते. त्यातला एक प्रकार असा: दूषित पाण्याचा पट्टा शंभर फुटांपेक्षा कमी लांबीचा हवा आणि पाणी पुरवणारी सगळ्यात जवळची विहीर त्या पट्ट्याच्या कडेपासून अडीचशे फुटांपेक्षा लांब हवी. पुढचं काम मातीतल्या जीवाणूंवर सोपवायचं. ते पेट्रोल खातात, सावकाश का होईना. हिशोब बरोबर आहे, पण तो एका गृहीतावर उभा आहे. माझ्या गल्लीत कोणीही आपल्या अंगणातलं पाणी उपसत नाही.

विजापूर रोडला अडीचशे फुटांत किती बोअर सापडतील? चार-पाच दिवसांआड नळ म्हटल्यावर बोअर हा चैनीचा विषय राहत नाही. नवी इमारत उभी राहायच्या आधी बोअर मारला जातो. त्या पाण्यावर भांडी, आंघोळ, टाकी धुणं होतं आणि टँकर चुकला तर स्वयंपाकही. शिवाय बोअर चालू केला की पाणी आपल्या दिशेने ओढलं जातं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, पण त्यातलं बेन्झिन पाण्यात विरघळतं. ते कर्करोगकारक असल्याचं सिद्ध झालेलं आहे. कॅलिफोर्नियात पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. एवढ्याशा प्रमाणात ना त्याचा वास येतो ना चव लागते. 'आम्ही पाणी तपासून घेतलंय' म्हणणाऱ्यांच्या अहवालात बहुधा क्षार, कठीणपणा, नायट्रेट आणि जंतू एवढंच असतं. बेन्झिन वेगळं सांगून शोधावं लागतं, आणि तेही प्रत्येक प्रयोगशाळेला जमत नाही.

त्यात आपली जमीन. सॅन होजेच्या गाळ-वाळूच्या थरांतून पाणी कुठवर जाईल याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. सोलापूरखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाणातलं पाणी भेगांतून वाहतं. शेजारच्या बोअरला पाणी लागतं आणि आपला कोरडा जातो, हे प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक आहे. तेलही त्याच भेगांनी जातं, त्यामुळे अंतराचा इथला नियम तिथे जसाच्या तसा लावता येणार नाही.

मग भारतातला कायदा काय म्हणतो? बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते ती २० हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे, त्यामुळे मावसभावाची इमारत त्यात बसतच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली नव्या पंपांना शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून ५० मीटरचं अंतर घातलं, अडचण असेल तिथेही ३० मीटरच्या आत नाही. हे ठीक झालं, पण ते नव्या पंपांसाठी. बंद पंपाला खेटून नवी वस्ती आली तर काय, हा प्रश्न तिथे येत नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यात जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या आहेत आणि प्राथमिक तपासणी ९० दिवसांत व्हायची आहे. यावर सोलापुरात चर्चा व्हायला हवी. १८७७ पासून गिरण्या चालवलेल्या, बॉयलर आणि रंगखाती पाहिलेल्या शहराची ही यादी कोरी निघाली, तर यादी करणाऱ्यालाच प्रश्न विचारावा लागेल.

इथला सगळा पसारा तिकडे न्यावा असं मी म्हणत नाही. इथेही जुन्या पंपांच्या कोपऱ्यावरच्या जागा अहवालांच्या चक्रात कुंपण घालून पडून राहतात, आणि घरांच्या किमती बघता ते परवडणारं नाही. सोलापुरात तीन हजार डॉलरचा अहवाल कोण करणार? पण बांधकाम परवान्याच्या अर्जाला एक पान जोडायला काय हरकत आहे? या जागेवर आणि लगतच्या जागांवर पूर्वी काय होतं, टाकी होती का, असेल तर काढल्याचा कागद कुठे. पंपाच्या परवान्यांचं काम बघणाऱ्या पेसोचं (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. महापालिका बाजारपरवाने देते, सिटी सर्व्हेकडे नकाशे आहेत. हे कागद एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, एवढंच.

मावसभावाला मी प्लॉट सोड असं सांगितलेलं नाही, जागा खरंच मोक्याची आहे. आजूबाजूच्या दोन-तीन बोअरचं पाणी बेन्झिनसाठी तपासून घ्यायचं आणि पाया खणताना तेलाचा वास किंवा पुरलेली टाकी निघाली तर ती काढून माती उचलण्याचा खर्च विकणाऱ्याने द्यायचा, असं कलम करारनाम्यात घालायचं, एवढंच सुचवलंय. पाणी तपासायला तो तयार झालाय. कलमाचं नाव काढलं की विकणारा बिथरेल, असं त्याचा वकील म्हणतोय.