दिसत नाही तिथे खर्च कशाला?

साडूने नाशिकच्या पाथर्डी फाट्याला नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला तुम्ही पुरणपोळी हाणून आलात आणि इंदिरानगरला घरी पोचेपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवरून एक शब्द आला नाही. म्हणजे तुमच्या वीस वर्षं जुन्या टू बीएचकेचं काम काढायची वेळ झाली. घाबरू नका. स्वस्तात उरकायचं असेल तर एवढंच धोरण ठेवा: पाहुण्याला दिसेल तिथे हात सैल, फरशीखाली आणि भिंतीआड जाईल तिथे काटकसर. आजवर कुठला पाहुणा वॉटरप्रूफिंग बघायला आलाय?

पहिली बचत इंजिनिअर न नेमण्याची. तो येणार, बिल्डिंगचा नकाशा मागणार, सोसायटीला कळवलंत का विचारणार आणि वर फी लावणार. त्यापेक्षा मेव्हणा बरा. त्याने गेल्याच वर्षी स्वतःचं घर करून घेतलंय आणि ते अजून उभं आहे. ओपन किचनसाठी भिंत पाडायची असेल तर मिस्त्री हातोडीच्या दांड्याने दोनदा ठोकून ‘पडदीच आहे साहेब, काढून टाकू’ म्हणतो, तोच तुमचा स्ट्रक्चरल रिपोर्ट. डबल डोअर फ्रिज इंचभराने अडत असेल तर शेजारच्या कॉलमला जरा खाच मारून घ्या. आतली सळई उघडी पडली तरी तिच्यावर पुट्टी छान बसते. त्या कॉलमवर आणखी तीन मजले उभे आहेत हे खरं, पण ते काही तुमच्या नावावर नाहीत.

आता बाथरूम. खरा पैसा इथे वाचतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रीतसर करायचं म्हटलं तर जुन्या टाइल्स आणि त्याखालचा कोबा फोडायचा, पाइपांचे सांधे भरायचे, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारायचे, ते भिंतीवरही फूटभर चढवायचे, मग नहाणीचं तोंड बंद करून 48 तास पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालच्यांच्या छताला ओल येत नाही हे बघून मगच पुढच्या कामाला हात घालायचा. एवढा वेळ कुणाला आहे? शिवाय दोन दिवस पाणी नुसतं साठवून ठेवायचं म्हणजे गंगापूर धरणाशी गद्दारीच.

तुम्ही जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवा. फोडाफोड नाही, धूळ नाही, दोन दिवसांत बाथरूम चकाचक. जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, दार खालून तासावं लागतं आणि उंबरा नावापुरता उरतो. आंघोळीचं पाणी मग बेडरूममध्ये चक्कर मारून येतं. येऊ द्या, एरवी तिथली फरशी रोज कोण पुसतं? उताराचा आग्रहही धरू नका. मिस्त्री पाणसळ घेऊन बसला की त्याचा अर्धा दिवस जातो आणि त्याची मजुरी तुमच्या खिशातून जाते. पाणी नहाणीच्या बरोबर विरुद्ध कोपऱ्यात साचायला लागलं, तर एक वायपर आणून दाराआड टांगा.

खालच्या काकांचा फोन पावसाळ्यानंतर येईल. घाईने उचलू नका. गोदेचा पूर नाशिककर जसा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीवर मोजतात, तशी काकांनी भिंतीवरची ओल मोजून ठेवलेली असेल: अमुक तारखेला ट्यूबलाइटला लागली, तमुक तारखेला कालनिर्णयच्या खिळ्याला. 2019च्या ऑगस्टमध्ये मारुती अख्खा पाण्याखाली गेला होता, तरी पूर ओसरलाच ना, एवढं त्यांना सांगा. ते नाशिकचेच आहेत, समजून घेतील.

वायरिंगचंही तसंच. इलेक्ट्रिशियन म्हणेल, दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर चालेल, पण गिझर आणि एसीला चारची स्वतंत्र ओढू. त्याला सगळीकडे दीडचीच ओढायला लावा. भिंतीत गेल्यावर सगळ्या वायरी सारख्याच. गिझर आणि एसी एकदम लावल्यावर एमसीबी पडायला लागली, तर तो सांगेल की वायर तापून जळू नये म्हणूनच ती पडते. त्याचं ऐकू नका. सोळा अँपिअरची काढून बत्तीसची बसवा, परत पडायचं नाव घेणार नाही. वायर तापेल, पण डिसेंबरातल्या नाशिकमध्ये भिंत थोडी कोमट लागली तर कुणाची तक्रार असणार आहे? अर्थिंगला फाटा दिलात की वॉशिंग मशीनला हात लावताच झिणझिण्या येतात. घरातली माणसं आपोआप चप्पल घालून कपडे धुवायला शिकतात. वाचलेल्या पैशांत हॉलच्या पीओपीत रंग बदलणारी एलईडी पट्टी टाका. साडूकडे फक्त पांढरी आहे.

सुतार सिंकखाली मरीन प्लाय, म्हणजे आयएस 710चा, मागेल. साधा कमर्शियल द्या. वरून सनमायका मारला की फरक खुद्द सुतारालाही कळत नाही. दीड-दोन वर्षांनी सिंकखालची फळी फुगते आणि दार लागेनासं होतं, पण तोवर तुम्हाला त्या सनमायकाचा कंटाळा आलेलाच असतो. प्लास्टरवर आठवडाभर पाणी मारायची प्रथाही सोडून द्या. मे महिन्यात बिगाऱ्याने दिवसातून तीनदा पाणी मारत बसायचं आणि आपण त्याचा रोज भरायचा! बारीक भेगा पडतील, त्यांना रंगारी टेक्श्चर म्हणून वेगळा भाव लावेल.

टाइल्स मोजून तेवढ्याच घ्या. कापण्यात-फुटण्यात जातील म्हणून दहा टक्के जास्त घ्या, हे दुकानदाराचं विक्रीतंत्र. शेवटच्या चार कमी पडल्या की परत जा. नव्या लॉटच्या टाइल्सचा रंग किंचित पिवळट निघेल, त्या सोफ्याखाली बसवा आणि सोफा आयुष्यभर तिथेच राहू द्या. 18 टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या बिलावर घेतल्या असतील तर भांडणाचाही प्रश्न मिटला, कारण त्या टाइल्स तुम्ही कधी घेतल्याच नव्हत्या.

जुन्या नाशकात वाडा उतरवला की सागवानी तुळया आणि चौकटी विकायला निघतात. तसलं मुरलेलं लाकूड नव्याने घ्यायचं म्हटलं तर घाम फुटेल. चांगल्या सुताराकडून रंधून घेतलं तर तुमच्या नातवंडांनाही पुरेल. हा सल्ला चुकून खरा दिला गेला. तो सोडून द्या आणि चकचकीत पीव्हीसीचं दार घ्या.

मिस्त्रीला रोजावर ठेवावं की काम उक्तं द्यावं, यावर लोक उगाच डोकेफोड करतात. रोजावरचा मिस्त्री काम संपवत नाही आणि उक्तं घेतलेला काम करत नाही, फक्त संपवतो. आपल्याला संपवायचंच आहे. राडारोडा रात्री अकरानंतर गोण्या भरून नंदिनी नदीच्या काठी टाकून या. कुणी हटकलंच तर सिंहस्थाची कामं चालू आहेत म्हणा.

दिवाळीला साडू सहकुटुंब येऊन जाईल. एलईडी पट्टीखाली फोटो निघतील. पुढच्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी चिवड्याचा डबा घेऊन येतील आणि म्हणतील, ‘भाऊजी, तुमचा मिस्त्री फार स्वस्तात करून देतो म्हणे. आमचंही बाथरूम काढायचंय, नंबर द्या ना.’ लगेच देऊन टाका. त्यांचं बाथरूम तुमच्या बाथरूमच्या बरोबर वर येतं, पण गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल मिस्त्री तुमच्या उरलेल्या बिलातले दोन हजार सोडायला तयार आहे.