पीजीपी आणि ‘लोकांचा आळस’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की पीजीपी (ईमेल फक्त समोरच्यालाच वाचता येईल असा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करणारा प्रोग्राम) १९९१पासून आहे, फुकट आहे, दोन तास मॅन्युअल वाचलं तर कुणालाही जमेल. लोकच आळशी आहेत. हे मला अजिबात पटत नाही.

१९९९ साली अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी पीजीपी ५.० ची चाचणी घेतली. ईमेल सराईतपणे वापरणारे १२ जण, प्रत्येकाला ९० मिनिटं, मॅन्युअल हाताशी. तिघांनी गुपित मजकूर उघडाच पाठवला. सात जणांनी तो स्वतःच्याच पब्लिक कीने एन्क्रिप्ट केला. पब्लिक की म्हणजे सगळ्यांना वाटायचं कुलूप, ते उघडतं फक्त मालकाच्या गुप्त प्रायव्हेट कीने; म्हणून वापरायला हवी होती समोरच्याची पब्लिक की. ‘माझा मजकूर, माझी की’ असं कुणालाही वाटेल. अशा वेळी प्रोग्राम तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काम बरोबर झालेलं असतं. चूक कळते ती समोरच्याला, आणि तीसुद्धा ‘नो सीक्रेट की’ एवढ्याच शब्दांत. त्याने यातून काय समजायचं?

थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये २०२०पासून ओपनपीजीपी (पीजीपीचं खुलं मानक) आतच आहे. पत्त्यावरून समोरच्याची की तो स्वतः शोधतो, त्यामुळे ही चूक सहसा होत नाही. मॅन्युअल कुणी जास्त वाचलं नाही, रचना बदलली.

खरी अडचण पुढे आहे. प्रायव्हेट की गेली किंवा तिचा पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड) विसरला, की जुने एन्क्रिप्टेड मेल कायमचे बंद. इथे ‘फरगॉट पासवर्ड’ नसतो, आणि हे की बनवतानाच ठसठशीत सांगायला हवं. जीपीजी या ओपनपीजीपीच्या फुकट प्रोग्राममध्ये २.१ आवृत्तीपासून की रद्द करण्याचं (ती आता वापरू नका, असं इतरांना कळवणारं) सर्टिफिकेट आपोआप बनतं, पण ते त्याच लॅपटॉपवर ‘ओपनपीजीपी-रिव्हॉक्स.डी’ फोल्डरमध्ये पडून राहतं. डिस्क गेली, तर की आणि सर्टिफिकेट दोन्ही गेलं! म्हणून पहिल्याच दिवशी ते सर्टिफिकेट आणि एक्स्पोर्ट केलेली प्रायव्हेट की वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. दोन्ही एकत्र नकोत. सर्टिफिकेट हाती लागलं तर कुणीही तुमची की रद्द करू शकतो.

तुमची एक गोष्ट मात्र खरी: व्हॉट्सॲपवर एन्क्रिप्शन आपोआप होतं, पण त्या सोयीच्या बदल्यात काहीतरी सोडावं लागतं. तिथे समोरच्याची की कंपनीचा सर्व्हर देतो. ती खरंच त्याचीच आहे का, हे पडताळायला ६० आकडी कोड आहे, पण तो मेनूत इतका आत आहे, की तिथवर सहसा कुणी जात नाही. पीजीपीतही पडताळणी टळत नाही, फक्त तिथे ४० अक्षरी फिंगरप्रिंट (कीची ओळख पटवणारा कोड) असतो. तो मेलवर मागवू नका. फोन करून, आवाज ओळखून, चार-चार अक्षरं वाचून घ्या. शेवटची आठ जुळली म्हणून थांबू नका, तेवढी जुळणारी दुसरी की मुद्दाम बनवता येते.