खुलासा: वॉशिंग मशीन मोरीकडे झुकतं ठेवू नका

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक सल्ला फिरतोय: ड्राय बाल्कनीत मशीन मोरीच्या जाळीच्या बाजूला जरा कलतं ठेवा, पाणी पूर्ण निघतं. हे चूक आहे. फ्रंट लोडमधलं पाणी पंप बाहेर फेकतो, उतार नाही. कललेल्या मशीनचा ड्रम स्पिनला हादरतो, मशीन जागेवरून सरकतं आणि बेअरिंग, सस्पेन्शन लवकर झिजतात.

ड्राय बाल्कनीच्या फरशीला उतार असतोच, म्हणून लेव्हल मशीनच्या फिरत्या पायांनीच साधावी लागते. मशीनवर पाणसळ (स्पिरिट लेव्हल) एकदा डावी-उजवीकडे आणि एकदा पुढे-मागे अशी ठेवून बघा. पुढची बाजू दोघांनी उचलून खाली लाकडी ठोकळा सरकवा, लॉकनट (पाय जागेवर पक्का धरणारा नट) पान्याने सैल करा, पाय फिरवा. पाय गरजेपुरतेच बाहेर काढा. जास्त लांब पाय जास्त थरथरतात. मग तिरके समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगलं तर एक पाय अधांतरी आहे.

शेवटी लॉकनट वर, मशीनच्या तळाला घट्ट टेकवा. बहुतेक जण इथेच चुकतात: नट सैल राहिला की पाय स्पिनच्या थरथरीने फिरत जातो आणि लेव्हल पुन्हा बिघडते. पायाखाली पुठ्ठा तर नकोच, भिजून दबतो.

नव्या मशीनचे मागचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढलेत ना, तेही पाहा.