मेलवर मुदत लिहिणं आणि मेल परत काढून घेणं

नमस्कार,

मेलवर मुदतीची तारीख, म्हणजे तो केव्हापर्यंत कामाचा आहे ते, टाकण्याची सोय सर्रास वापरात यायला हवी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण नेमकी आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एकदा पाठवलेला मेल ज्याला मिळाला त्याचा झाला, तो नाहीसा करण्याचा अधिकार पाठवणाऱ्याला नाही. स्क्रीनशॉट काढता येतो, त्यामुळे अशा मुदतीने सुरक्षितता येते हा भ्रम आहे. आणि जागा मुबलक आहे, सर्च चांगला आहे, मग जुने मेल पडून राहिले तर बिघडलं कुठे? शेवटी तुम्ही विचारलंय, की मी स्वतः ही सोय वापरते का.

मालकीच्या मुद्द्यावर मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. मेल एका सर्व्हरने दुसऱ्याच्या हवाली केला की पहिल्याचं काम संपतं. पुढची प्रत मिळवणाऱ्याची. पाठवणाऱ्याचा हात तिथपर्यंत पोचत नाही आणि पोचूही नये. जिथे तो पोचल्यासारखा वाटतो, तिथे मजकूर मुळात गेलेलाच नसतो. जीमेलमधला कॉन्फिडेन्शियल मोड घ्या, २०१८ साली आलेला. समोरच्याचं खातं जीमेलबाहेर असेल तर त्याच्याकडे विषयाची ओळ आणि एक लिंक एवढंच जातं. मजकूर आणि अटॅचमेंट गूगलच्या सर्व्हरवर राहतात. मुदत एक दिवसापासून पाच वर्षांपर्यंत निवडता येते. ती संपली की लिंकमागे काही उरत नाही. पाठवणाऱ्याच्या 'सेंट'मध्ये मात्र तो मेल जसाच्या तसा असतो.

मला खटकतं ते हेच. दोघांतल्या पत्रव्यवहाराची प्रत एकाकडेच उरते, आणि तीही ज्याने तारीख ठरवली त्याच्याकडे. वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला धमकीवजा काही लिहिलं आणि आठवड्याची मुदत टाकली, तर तक्रार करायची वेळ येईपर्यंत त्या माणसाच्या हातात पुरावा नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलेलाही आहे. मेल नव्हे, पण अंतर्गत चॅट चोवीस तासांत आपोआप पुसले जात राहिले, म्हणून एपिक गेम्स ही गेम बनवणारी कंपनी आणि इतरांनी गूगलवर भरलेल्या खटल्यांत अमेरिकेतले न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी मार्च २०२३ मध्ये कंपनीला दोषी धरलं. पुरावा जपायची जबाबदारी कंपनीने पाळली नाही, असा तो निष्कर्ष होता. तेव्हा आपोआप पुसण्याबद्दल तुम्हाला वाटणारी भीती खरी आहे, आणि तिला धरूनच मी पुढचं लिहिते.

मी ज्या मुदतीची बाजू घेतली ती वेगळी आहे. औषधाच्या पट्टीवर कंपनी तारीख छापते, पण ती उलटली म्हणून कोणी घरी येऊन पट्टी उचलून नेत नाही. तारीख बनवणाऱ्याने सांगायची, फेकायचं की नाही ते घरातल्याने ठरवायचं. मेलमध्ये हे करायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. मेलच्या वर जशी 'डेट'ची ओळ असते, तशीच 'एक्स्पायर्स' अशी एक ओळ असू शकते. यूझनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यासाठी १९८७ साली लिहिलेल्या आरएफसी १०३६ या नियमांच्या दस्तऐवजात ती आहे, आणि तिथे ती तारीख केवळ सुचवलेली मानली आहे. ज्याच्या मशीनवर लेख साठवलाय त्याचे नियम वेगळे असू शकतात, हे त्यात गृहीत आहे. मेलच्या जगात ती एक्स.४०० या मेलच्या दुसऱ्या एका पद्धतीशी जुळवून घेताना आली; १९९८ च्या आरएफसी २१५६ मध्ये तिची नोंद आहे. म्हणजे तारीख लिहायला जागा केव्हाची आहे. बहुतेक मेल प्रोग्राम तिच्याकडे बघत नाहीत, एवढंच.

बघणारा एक माहितीतला प्रोग्राम म्हणजे आउटलुक. त्यात मेल पाठवताना पर्यायांमध्ये मुदत देता येते. ती उलटली की समोरच्याच्या आउटलुकमध्ये, यादीतल्या त्या मेलवर आडवी रेघ येते. मेल जागेवरच असतो, क्लिक केल्यावर उघडतो, पूर्ण वाचता येतो. कोणाचं काही हिरावलेलं नाही आणि नजर फिरवताच कळतं की हे आता कामाचं नाही. मला हवी आहे ती एवढीच गोष्ट, आणि ती सगळीकडे हवी आहे.

आता 'बिघडलं कुठे' याबद्दल. बैठक मंगळवारी अकराला ठरते. मग ती साडेतीनला जाते, मग बुधवारवर ढकलली जाते. तीन मेल, तिन्हींचा विषय एकच, फक्त पुढे 'आरई' लागलेलं. बुधवारी सकाळी कोणीतरी घाईत सर्च करतो, वर आलेला मेल उघडतो आणि चुकीच्या वेळी पोचतो. सर्च कितीही चांगला असला तरी त्याला शब्द कळतात. तिसऱ्या मेलने पहिले दोन बाद केले, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. पाठवणाऱ्याला मात्र ते लिहितानाच ठाऊक असतं. जाहिरातींचंही तसंच. सवलत रविवारी संपते हे मेलमध्ये ठळक अक्षरांत, बहुतेकदा चित्रावर, छापलेलं असतं. माणूस ते वाचतो, इनबॉक्सला ते वाचता येत नाही. तीच तारीख हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या वरच्या त्या 'एक्स्पायर्स' ओळीत, लिहिली तर इनबॉक्सलाही कळेल. असे मेल पाठवणाऱ्यांनी ही ओळ वापरावी, असा एक मसुदा इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफकडे आलेलाही आहे, आणि मला त्याचं मनापासून स्वागत करावंसं वाटतं.

दहा मिनिटांचा ओटीपी असलेला मेल वर्षानुवर्षं पडून राहतो. त्याने नुकसान होत नाही, तो नुसता केर आहे. पण त्याच इनबॉक्समध्ये ओळखपत्राचे स्कॅन असतात, कोणाला तरी घाईत पाठवलेला वाय-फायचा पासवर्ड असतो, खात्याची स्टेटमेंट असतात. इथेच स्क्रीनशॉटचा मुद्दा येतो, आणि इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

ज्याला मेल पाठवला तोच दगा देणार, असं धरलं तर स्क्रीनशॉटचा युक्तिवाद बिनतोड आहे. ज्याला वाचता येतं त्याला जपूनही ठेवता येतं, हातात फोन घेऊन पडद्याचा फोटो काढायला कुठलाच मोड आड येत नाही. पण ओळखपत्राची प्रत आपण ज्यांना पाठवतो ते बहुतेक भले लोक असतात. काम झाल्यावर ती ठेवायची त्यांची इच्छाही नसते. डिलीट करायचं राहून जातं. धोका तिसऱ्याचा असतो. चार वर्षांनी कोणीतरी त्यांच्या खात्यात शिरतो, आणि पहिल्यांदा सर्चमध्ये 'पासवर्ड', 'पासपोर्ट', 'स्टेटमेंट' असे शब्द टाकतो. त्याने चार वर्षांपूर्वी कसलाच स्क्रीनशॉट काढलेला नसतो. जे तिथे पडलंय तेवढंच त्याला मिळतं. मुदत उलटलेले मेल वेगळे दिसले, 'हे पंधरा मेल आता लागत नसावेत, काढू का?' असं प्रोग्रामने विचारलं आणि मालकाने हो म्हटलं, तर त्या माणसाला मिळणारा ऐवज कमी होतो. ही सुरक्षितता अपुरी असेल, पण तिला भ्रम म्हणणं मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र मी अजिबात सोडणार नाही, आणि तिचं श्रेय तुमच्या प्रतिक्रियेला आहे, कारण लेखात ती इतकी ठसठशीत आली नव्हती. विचारल्याशिवाय काहीही पुसायचं नाही. मुदत उलटलेला मेल 'हा मला ठेवायचाय' म्हणून एका क्लिकमध्ये राखता आला पाहिजे, आणि तसं राखल्याचं पाठवणाऱ्याला कळता कामा नये. पावत्या, करार, नेमणुकीची पत्रं, तक्रारींची उत्तरं यांवर पाठवणाऱ्याने मुदत टाकलीच तर प्रोग्रामने ती सरळ दुर्लक्षावी. ते मेल नको तेव्हा नको असतात आणि हवे तेव्हा जीव तोडून हवे असतात. ते कधी हवे होतील हे पाठवणाऱ्याला सांगता येत नाही, आणि कित्येकदा ते सापडू नयेत यातच त्याचा फायदा असतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. हो, वापरते, पण कॉन्फिडेन्शियल मोड नाही. आउटलुकवाल्या सहकाऱ्यांना वेळापत्रकाचे मेल पाठवताना बैठक संपण्याची वेळ हीच मुदत टाकते. इतरांसाठी विषयाच्या ओळीतच 'शुक्रवारपर्यंत' असं लिहिते, कारण ती ओळ प्रत्येक प्रोग्राम दाखवतो. ओळखपत्राची प्रत कोणी मागितली तर ती मेलला जोडत नाही. ड्राइव्हवर ठेवून त्या एका माणसापुरती लिंक देते, आणि काम झालं की ती बंद करते. ती माझी स्वतःची फाइल असते, माझ्याच खात्यात, म्हणून ती बंद करायचा हक्क मला आहे असं मी मानते. त्या माणसाने मला लिहिलेलं आणि मी त्याला लिहिलेलं उत्तर मात्र दोघांच्याही इनबॉक्समध्ये तसंच राहतं.