पाठ पहिला (सातव्यांदा)

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर 'अनुक्रमणिका' असं ठळक लिहिलंय आणि त्याखाली 'पाठ १' लिहून खोडलंय. सात वेळा. त्या जागी कागद इतका विरलाय की मागच्या पानावरचा वाण्याचा हिशोब दिसतो.

झालं असं, की मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीने ठरवून टाकलं की बाई आता रिकाम्याच आहेत. मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग, सात ते आठ, सोसायटीच्या ऑफिसात, तीन महिने, विनामूल्य. 'विनामूल्य' हा शब्द सेक्रेटरींनी मला न विचारता नोटिशीत घातला. मीही हो म्हटलं, कारण मला वाटलं, त्यात काय एवढं. एकतीस वर्षांत धड्यांचा क्रम ठरवायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. पुस्तक छापून येतं, त्यात पहिला धडा पहिला असतो, जूनमध्ये तो उघडायचा. क्रम हा पावसासारखा वरूनच येतो अशी माझी समजूत.

पहिल्या संध्याकाळी अकराजण आले. सगळे २००० सालाच्या आधी शाळेत गेलेले, म्हणजे राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू व्हायच्या आधीचे. पाचवीत एबीसीडी आणि दहावीत एकदम 'डू ॲज डायरेक्टेड'. या पिढीचं इंग्रजी हा एक चमत्कार आहे. यांना समोरच्याला 'चहा घेणार का' विचारताना घाम फुटतो, पण 'वाक्यातला टू काढा' म्हटलं तर झोपेतही काढून हातात देतील. 'नो सूनर' आलं की पुढे 'दॅन' येणारच, हे यांच्या हाडीमाशी खिळलंय. अख्ख्या महाराष्ट्राने परीक्षेत 'नो सूनर' लिहिलं, पण ते रिक्षाच्या रांगेत बोलणारा माणूस मला अजून भेटायचाय. अर्थात शिकवणाऱ्यांत मीही होते, त्यामुळे जास्त बोलत नाही.

मी हौसेने विचारलं, "आधी काय शिकूया?" इथेच चुकलं.

तळमजल्यावरच्या आजींना मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जायचं होतं. बीकेसीत व्हिसाची मुलाखत तीन आठवड्यांवर. "मला फक्त भविष्यकाळ द्या," त्या म्हणाल्या, "मागचं काही नको." पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताईंना फोनवर ऑर्डरी घ्यायच्या होत्या, म्हणून त्यांना 'हाउ मेनी' आणि 'हाउ मच' आजच्या आज हवं होतं. रिक्षावाले दादा म्हणाले, "लेफ्ट-राइट येतं मला. मधलं शिकवा." एका कचेरीतले शिपाई होते, त्यांना पॅसिव्ह व्हॉइस पाहिजे होता. "बाई, साहेबांच्या पत्रांत कुणी काही करतच नाही. सगळं आपोआप झालेलं असतं. ते कसं करतात?"

आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका. ते शिकायला नव्हे, सल्ला द्यायला आले होते. "आधी बारा काळ पाठ करून घ्या. पाया पक्का पाहिजे," असं म्हणून त्यांनी स्वतः पट्टीने आखलेला तक्ता भिंतीला चिकटवला. शेवटच्या चौकटीत 'आय शॅल हॅव बीन गोइंग'. हे वाक्य काकांनी आयुष्यात कुठे वापरलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला. कल्याण लोकलबद्दल असेल तरच.

मी सगळ्यांना शांत केलं आणि ठरवलं, 'ॲम-इज-आर'पासून सुरुवात. निर्विवाद, सात्त्विक. पण 'इज' लावायला आधी 'ही-शी' लागतं, म्हणून ते घेतलं, आणि समोरच्या विंगमधल्या काकू उठून म्हणाल्या, "अवर दीज आर इन बँक."

'आमचे हे' बँकेत आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं. व्याकरणाच्या हिशेबाने एकेक शब्द जागच्या जागी होता. मी सांगितलं, इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही. नवरा कितीही मोठ्या हुद्द्यावर असला तरी 'ही इज'. नवऱ्याचं त्यांनी लगेच मान्य केलं, जरा खुशीतच. पण सासूबाईंना 'शी' म्हणायला तयार होईनात. "ती? सासूबाईंना मी 'ती' म्हणू?" सासूबाई जाऊन बारा वर्षं झालीत, तरी काकूंनी दाराकडे एकदा बघून घेतलं. यात दोन संध्याकाळी गेल्या. वहीत मी पाठ १ खोडून लिहिलं, 'आदर काढून घेणे'.

मग साधा वर्तमानकाळ, आणि त्यातला तो एस. 'आय गो', पण 'ही गोज'. खरं म्हणजे हे आपल्याला जड जायला नको. मराठीत आपण जातो, जाते, जातं, जातेस, जाता, जातात असा एवढा पसारा दिवसभर बिनबोभाट सांभाळतो. इंग्रजीने सगळं आवरून एकच एस ठेवला आहे, आणि नेमका तोच आपल्या हातून सांडतो. त्यात आदल्याच दिवशी मी सांगून बसले होते की एस लावला की अनेकवचन होतं. 'द बॉय ईट्स' आणि 'द बॉइज ईट' फळ्यावर एकाखाली एक लिहिल्यावर पोळीभाजीवाल्या ताई बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे बाई, दोन घरांत मिळून एकच मिक्सर आहे. शेजारी गेला की आपल्याकडे नसतो." एकतीस वर्षांत हे मला सुचलं नाही.

तरी दुसऱ्या दिवशी सगळे 'माय सन लिव्ह इन पुणे' म्हणतच होते. शेवटी मी भाचीला फोन लावला, ती भाषाशास्त्र शिकलीय. ती हसली. म्हणाली, "मावशी, १९७३ साली रॉजर ब्राउन नावाच्या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञाने तीन लहान मुलांचं बोलणं तपासून पाहिलं. इंग्रजीतले चौदा बारीकसारीक घटक ती साधारण एकाच क्रमाने उचलत होती. 'गोइंग'मधलं 'इंग' अगदी आधी, आणि तुझा हा 'गोज'मधला एस बराच शेवटी. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये परदेशी प्रौढांवर तपासलं, तर तिथेही 'इंग' आधी आणि एस मागेच."

म्हणजे जो एस आम्ही पिढ्यान् पिढ्या जूनमध्ये शिकवतो आणि जुलैत ज्यासाठी छडी उगारतो, तो मुळात दिवाळीनंतर उगवणारा आहे! मी आनंदाने वही उघडली. "मग त्याच क्रमाने शिकवते."

"अं हं," भाची म्हणाली. "न्यूयॉर्कच्या त्या अभ्यासात स्टीफन क्रॅशन नावाचा भाषाशास्त्रज्ञ होता, त्याचं म्हणणं असं, की हा क्रम शिकण्याचा आहे, शिकवण्याचा नव्हे. पाठ त्या क्रमाने लावू नका, असं तो स्वतःच सांगतो."

वर तिने हेही ऐकवलं, की ज्यांच्या भाषेत इंग्रजीतल्या 'अ' आणि 'द'सारखी उपपदं नाहीत त्यांना ती उशिरा साधतात, आणि आपल्या मराठीत ती नाहीत. संशोधन हे मला सासरच्या माणसांसारखं वाटतं. बोलतात गोड, हाताला काही लागत नाही.

एवढं मात्र केलं, 'इंग' पुढे आणलं. ते खरोखर पटकन आलं. इतकं, की मग जाईना. 'आय ॲम हॅविंग टू डॉटर्स', 'आय ॲम नॉट नोइंग', आणि शिपाईदादांचं 'साहेब इज बिइंग बिझी'.

हताश होऊन साधा भूतकाळ काढला. व्याख्या माझी तोंडपाठ: क्रिया घडून गेली की साधा भूतकाळ. वाक्य पुरं होतंय तोच रिक्षावाल्या दादांचा फोन वाजला. "हां साहेब, आलो आलो! निघालो!" फोन खिशात टाकून ते खुर्चीत आणखी रेलले आणि म्हणाले, "हं, चालू द्या बाई."

मी त्यांना त्याचंच भाषांतर करायला सांगितलं. "आय केम, आय केम, आय लेफ्ट." तीन वाक्यं, तिन्ही बिनचूक, आणि माणूस माझ्यासमोर बसलेला. सीझरचीही तीनच वाक्यं होती, पण तो निदान जाऊन आला होता. आता यांना कसं सांगू की भूतकाळ घडून गेलेल्या गोष्टीचा असतो? आपल्याकडे तो न घडलेल्या गोष्टीचा जास्त वापरतात. हॉटेलातला पोऱ्या 'आणला' म्हणतो तेव्हा चहा अजून पातेल्यातही नसतो. वहीत पाठ १ सहाव्यांदा खोडला.

यात आजींचा भविष्यकाळ राहूनच गेला. मुलाखतीच्या आदल्या रात्री मी त्यांना 'आय विल स्टे' घोकून दिलं. 'आय विल रिटर्न'सुद्धा. रात्रभर मलाच झोप नाही.

दुसऱ्या दिवशी आजी पेढे घेऊन आल्या. पासपोर्ट तिथेच ठेवून घेतला म्हणे. गोऱ्या बाईने काय विचारलं? "किती दिवस राहणार, ते." मग तुम्ही काय सांगितलंत? आजी ताठ बसल्या. "डॉटर डिलिव्हरी. सिक्स मंथ. देन बॅक. मिस्टर अलोन, नो कुकिंग."

क्रियापद एकही नाही. मी पेढा तोंडात टाकला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. शिपाईदादांनी ते चारही तुकडे वहीत उतरवून घेतले. काका तक्त्याकडे पाहत राहिले.

मी पाठ १ सातव्यांदा खोडत होते, तेवढ्यात आजी उठल्या, चपला घातल्या, दारात थांबल्या आणि भरल्या आवाजात म्हणाल्या,

"ओके टीचर, आय कम."

आणि गेल्या.