दांडगा अनुभव असलेला माणूस दिसायचंय? मग हे वाचा

नोकरी बदलायचीय ना? मग सगळ्यात आधी तुम्ही आत्तापर्यंत ऑफिसात नेमकं काय काम केलंत ते विसरून जा. खरंच सांगतो, त्याचा काही उपयोग नाहीये. "रोज सकाळी येऊन रात्रीतून बंद पडलेले प्रोग्राम बघायचो आणि परत चालू करायचो" असं लिहिणाऱ्याला पुण्याच्या बाणेर-बालेवाडीत कुत्रं विचारत नाही, आणि तेच काम करणारा शेजारच्या खुर्चीवरचा पठ्ठ्या "सीझन्ड प्रोफेशनल विथ अ प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड इन मिशन-क्रिटिकल ऑपरेशन्स" म्हणून घसघशीत हाईक घेऊन खराडीला जातो. दोघांनी बटण एकच दाबलं होतं बरं का. पण इंग्रजीत अनुभवासाठी शब्दांच्या तयार जोड्या मिळतात, त्या उचलायच्या, आपल्या नावाखाली लावायच्या आणि गप्प बसायचं, एवढं साधं त्या पहिल्याला कधी जमलं नाही.

सुरुवात "एक्स्टेन्सिव्ह एक्सपिरिअन्स"पासून करा. ही सगळ्यात सेफ जोडी. लिंक्डइननेच २०१० साली लोकांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेल्या शब्दांची यादी काढली होती, त्यात अमेरिकेत पहिला नंबर ह्याच जोडीचा होता आणि "प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड" पण पहिल्या दहात होतं. भारतात मात्र आपण "डायनॅमिक"वर अडकलो होतो, ते वेगळं. आता एखादा शहाणा म्हणेल की मग हे शब्द टाळायला हवेत. अजिबात नाही! सगळ्यांनी लिहिलेलंच आपणही लिहिलं की आपल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि लक्ष गेलं नाही की कुणी प्रश्न विचारत नाही. शिवाय रेझ्युमे आधी माणूस वाचतच नाही, सॉफ्टवेअर चाळतं, आणि त्याला शब्द सापडले की ते खूष. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि आता तर रेझ्युमे लिहिणारं पण मशीन आणि वाचणारं पण मशीन, मध्ये आपण फक्त पीडीएफ अपलोड करायला.

"प्रूव्हन"बद्दल एक विचारतात लोक, की सिद्ध कुणी केलं? कुठल्या कोर्टात? असले प्रश्न मनात आणायचे नाहीत. मी इतकी वर्षं असले रेझ्युमे वाचतोय, आजपर्यंत एकाही इंटरव्ह्यूत कुणी "ट्रॅक रेकॉर्ड दाखवा बघू" म्हटल्याचं ऐकलेलं नाही.

बरं, जोड्या नीट जुळवायला शिका, कारण इथं पत्रिका बघावी लागते. "सीझन्ड"चं लग्न प्रोफेशनलशी लागतं, पॉलिटिशियनशी लागतं, ट्रॅव्हलरशी लागतं. गुन्हेगाराशी सहसा नाही, त्याला "हार्डन्ड" लागतं, म्हणजे निर्ढावलेला. खोटं बोलणाऱ्याला "प्रॅक्टिस्ड" लागतं, वादकाला "अकम्प्लिश्ड", नटाला "वेटरन", डॉक्टरला "क्वालिफाइड". ह्यात गडबड झाली तर फार पंचाईत होते, "मी हार्डन्ड प्रोजेक्ट मॅनेजर आहे" असं लिहिलंत तर खरं असलं तरी बरं दिसत नाही. आपल्याकडे पण तेच आहे की. पेपरात "सराईत" आलं की पुढं गुन्हेगारच येणार, "मुरब्बी" आलं की राजकारणी आणि "कसलेला" आलं की पैलवान नाहीतर गवई. सराईत शिक्षक ऐकलाय कधी? (मला होते दोन. पण ते असो.)

मग हातांचा विषय. इंग्रजीवाल्यांचा अनुभव सगळा हातात असतो. "ओल्ड हँड" म्हणजे जुना मुरलेला, "सेफ पेअर ऑफ हँड्स" म्हणजे ह्याच्यावर काम सोपवून निवांत झोपा, "डॅब हँड" म्हणजे एखाद्या गोष्टीत हातखंडा असलेला, आणि "हँड्स-ऑन एक्सपिरिअन्स" म्हणजे स्वतः केलंय. ह्यातलं शेवटचं आपल्याला हवं. "हँड्स-ऑन" कुणी लिहायचं ह्याचा नियम सोपा आहे, ज्याने गेल्या पाच वर्षांत एक्सेल आणि पॉवरपॉइंट सोडून कशालाही हात लावलेला नाही त्याने लिहायचं. ज्याचे हात खरंच कामात आहेत त्याला रेझ्युमे अपडेट करायला वेळच नसतो. भोसरी एमआयडीसीत लेथवर उभं राहून ज्याचं आयुष्य गेलंय तो टर्नर नुसत्या आवाजावरून सांगतो की टूलची धार गेलीय म्हणून, पण त्याच्या बायोडेटात काय असतं? "आयटीआय टर्नर, अनुभव २२ वर्षे." संपलं. एक विशेषण नाही! अशा माणसाने तक्रार करू नये मग.

हँड्स-ऑनची खरी परीक्षा पुण्यात एकाच ठिकाणी होते, कोथरूडातल्या स्वयंपाकघरात. तिथं स्वयंपाकाला मावशी ठेवायच्या असतील तर काकू "तुमची कोअर स्ट्रेंग्थ काय" विचारत नाहीत. "आधी कुणाकडं होता? का सोडलंत? बरं, उद्या येऊन चार पोळ्या लाटून दाखवा." मावशी येतात, कणीक बघतात, "ही सैल झालीय हो ताई" म्हणतात, हातानेच थोडं पीठ लावून घेतात, पहिली पोळी तव्यावर टाकतात आणि ती टम्म फुगली की काकू पगाराचं बोलायला लागतात. रेफरन्स चेक झाला, टेक्निकल राउंड झाला, ऑफर झाली, पाव तासात. आणि आपल्याकडं पाच राउंड होतात, पाचव्या राउंडचा माणूस पहिल्यासारखंच "टेल मी अबाउट युअरसेल्फ" म्हणतो आणि जॉइन झाल्यावर तीन महिन्यांनी कळतं की ह्याला पीठ कुठल्या डब्यात असतं तेपण माहीत नव्हतं. तेव्हा तुम्ही पोळी लाटायच्या भानगडीत पडू नका, नुसतं "हँड्स-ऑन" लिहा.

"वेटरन" वापरताना मात्र जरा जपून. हा शब्द मुळात लॅटिनचा, रोमच्या सैन्यात वर्षानुवर्षं लढून निवृत्त झालेल्या शिपायाला म्हणायचे, ऑगस्टसच्या काळात तर साधारण २० वर्षं चाकरी केल्यावर. अमेरिकेत आजही वेटरन म्हटलं की आधी माजी सैनिकच डोळ्यापुढं येतो, ११ नोव्हेंबरला त्यांचा दिवस असतो, सुट्टी असते. म्हणजे क्लायंट कॉलवर तुम्ही कौतुकाने "अवर मॅनेजर इज अ वेटरन" म्हणालात तर पलीकडचा माणूस गंभीर आवाजात "थँक यू फॉर युअर सर्व्हिस" म्हणायची शक्यता आहे आणि तुमचा मॅनेजर "माय प्लेजर" म्हणून मोकळा होईल. आपल्याकडंही १४ जानेवारीला माजी सैनिकांचा दिवस असतो, फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली त्याच तारखेला निवृत्त झाले म्हणून, पण तेव्हा आपण तिळगूळ वाटण्यात गुंतलेलो असतो. पुण्यात तर खऱ्या वेटरनची कमतरता नाही, खडकी, वानवडी, घोरपडी सगळीकडं. त्यातलाच एखादा रिटायर्ड सुभेदार आयटी पार्कच्या गेटवर उभा असतो, सकाळी साडेआठला कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये, आणि एकोणतीस वर्षांच्या "इंडस्ट्री वेटरन"ला थांबवून म्हणतो, "सर, कार्ड गळ्यात घाला." सर चिडतात. सुभेदार हलत नाही. शेवटी सर बॅगेतून कार्ड शोधतात, तोवर मागे दुचाक्यांची रांग लागलेली असते.

आता वर्षांचा हिशोब, आणि इथं खरी कला आहे. कन्सल्टन्सीतून फोन येतो तो कधी, तर तुम्ही भूमकर चौकात सिग्नलला पाचव्यांदा थांबलेले असता तेव्हाच. "सर, टोटल एक्सपिरिअन्स? रेलेव्हंट एक्सपिरिअन्स? करंट सीटीसी? एक्स्पेक्टेड? नोटिस पिरियड?" ह्या क्रमात. (सीटीसी म्हणजे वर्षाचा एकूण पगार.) तुम्ही म्हणता थ्री पॉइंट सिक्स. आता हे ३ वर्षं ६ महिने की ३.६ वर्षं, म्हणजे ३ वर्षं आणि सात महिन्यांच्या आसपास? कुणालाच माहीत नाही, विचारणाऱ्या ताईंना पण नाही, आणि ह्या धुक्याचाच फायदा घ्यायचा. ३ वर्षं ११ महिने झाले की काही लोक बिनदिक्कत "थ्री पॉइंट इलेव्हन" म्हणतात. शाळेत दशांश शिकवणाऱ्या बाईंनी हे ऐकलं तर कोपऱ्यात उभं करतील, पण बाईंना कुठं हिंजवडीत नोकरी हवीय.

दहा वर्षं व्हायला आली की वर्षं मोजणं बंद करा आणि दशकांवर या. आठ वर्षं म्हणजे "निअरली अ डिकेड", दहा वर्षं दोन महिने म्हणजे "ओव्हर अ डिकेड", अकरा झाली की "स्पॅनिंग टू डिकेड्स", कारण सुरुवात २०१५ला केली आणि आता विशीचं दशक चालू आहे, म्हणजे दोन दशकं झालीच ना. खोटं एक अक्षर नाही ह्यात! आणि स्वतःचं स्टार्टअप असेल तर अजून सोपं, "कम्बाइन्ड एक्सपिरिअन्स" लिहायचं. पाच जणांचे पंधरा-पंधरा धरले तरी पंच्याहत्तर वर्षं होतात, वाचणाऱ्याला वाटतं कंपनी नेहरूंच्या काळापासून चालू आहे. ह्या हिशोबाने सारसबागेत सकाळी फिरायला येणारा आठ आजोबांचा ग्रुप म्हणजे कम्बाइन्ड सहाशे वर्षं, त्यांना कुठलाही प्रोजेक्ट द्या, फक्त दुपारी एक ते चार मीटिंग लावू नका.

वर्षं जास्त मागितली म्हणून घाबरू पण नका. फास्टएपीआय नावाचं सॉफ्टवेअर बनवायला वापरतात ते एक फ्रेमवर्क आहे, ते ज्याने बनवलं त्या सेबास्टियन रामिरेझने २०२० साली सांगितलं होतं की एका जाहिरातीत फास्टएपीआयचा चार वर्षांहून जास्त अनुभव मागितलाय आणि त्याला अप्लाय करता येत नाहीये, कारण त्याने ते बनवूनच दीड वर्षाच्या वर फार काळ झाला नव्हता. लोक हसले. मला विचाराल तर चूक त्याचीच. आपल्याकडचा कुठलाही पोरगा "रेलेव्हंट एक्सपिरिअन्स फाइव्ह प्लस" टाकून मोकळा झाला असता.

थोडं व्याकरण, फार नाही. "एक्सपिरिअन्स" कामाचा असेल तेव्हा एकवचनातच ठेवायचा. "आय हॅव मेनी एक्सपिरिअन्सेस इन जावा" असं लिहिलंत की समोरच्याला वाटणार तुमच्यावर काही प्रसंग ओढवलेत, म्हणजे पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यात अडकला होतात आणि "काका मला वाचवा" ऐकून आलात असं काहीतरी. (जावा ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करणाऱ्यांच्या बाबतीत ते अगदीच चूक नाही म्हणा.) "आय ॲम हॅविंग सिक्स इयर्स" पण नको, फोनवर चालतं, लिहून देऊ नका. "वेल-व्हर्स्ड"पुढं "इन" येतं. बास, एवढ्यावर भागतं.

आणि इंग्रजी जमत नसेल तर मराठीतही सोय आहे, नाउमेद होऊ नका. पत्रकार भवनात कुठल्याही कार्यक्रमाला जा, निवेदक पाहुण्यांची ओळख करून देताना "प्रदीर्घ", "गाढा" आणि "दांडगा" ह्या तीन शब्दांतच फिरत असतो, क्षेत्र कुठलंही असो. प्रदीर्घ अनुभव म्हणजे वय झालंय, गाढा म्हणजे बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि दांडगा म्हणजे नेमकं काय करतात ते निवेदकाला कळलेलं नाही. पाहुणे तिन्ही ऐकून मान खाली घालून हसतात, शाल-श्रीफळ घेतात आणि अध्यक्षांची "दोन शब्द" सांगण्याची पाळी येते तोवर मागच्या तीन रांगा चहाकडं गेलेल्या असतात.

नोकरी सोडतानाच्या कागदाकडं पण नीट बघत जा. एक्सपिरिअन्स लेटरमध्ये तुमचं नाव, पद आणि दोन तारखा असतात आणि शेवटी "वी विश हिम ऑल द बेस्ट फॉर फ्यूचर एन्डेव्हर्स". गंमत म्हणजे जिथं तुम्हाला नाकारतात त्या मेलच्या शेवटी पण हेच वाक्य असतं. दोन्ही प्रिंट काढून एकाच फाइलला लावा, फाइल जाड दिसते.

एवढं सगळं करूनही एखादा इंटरव्ह्यू घेणारा असा भेटतोच, बहुतेक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, तुमचा रेझ्युमे बाजूला सारतो आणि म्हणतो, "हे राहू दे. ह्या प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस ते सांग." हा माणूस धोकादायक. त्याच्यासमोर आधी "वी" वापरायचं, वी डिझाइन्ड, वी डिलिव्हर्ड. त्याने "वी नको, तू" म्हटलं की "ॲट अ हाय लेव्हल" म्हणून सुरुवात करायची. तरीही तो सोडत नसेल आणि कॉल ऑनलाइन असेल, तर चेहरा आहे तसाच ठेवून ओठ अर्धवट उघडे टाकून पाच सेकंद स्तब्ध बसायचं, पंखा आधीच बंद केलेला असावा म्हणजे मागचा पडदा हलत नाही. मग हळूच कॉल कट करायचा आणि मेसेज टाकायचा, "सॉरी सर, वाकडला लाइट गेलीय."